मरणोत्तर जीवन आणि आपले आजचे वर्तन : तरुणांचे सहा प्रश्न

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृत श्रद्धावंतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. १ नोव्हेंबर रोजी आपण सर्व संतांचा सण साजरा करतो आणि २ नोव्हेंबर रोजी आपल्या परलोकवासी आप्तांसाठी प्रार्थना करतो. इ. स. ९९८ च्या सुमारास फ्रान्समधील क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी आपल्या मठांत हा दिवस पाळण्यास प्रारंभ केला आणि पुढे ही प्रथा सर्व ख्रिस्तसभेत रूढ झाली. आपल्या धर्मग्रामांतही या दिवसांत थडगी स्वच्छ केली जातात, त्यांवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात आणि दिवंगतांच्या नावाने मिस्साबलिदान अर्पण केले जाते.

वडीलधाऱ्यांबरोबर आपली मुले-मुलीही दफनभूमीत येतात. ती थडग्यासमोर हात जोडून उभी राहतात. परंतु त्यांच्या मनात अनेक प्रश्न घोळत असतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात, युवा शिबिरात किंवा दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वेळी हे प्रश्न कधी उघडपणे, तर कधी नाव न लिहिलेल्या चिठ्ठीतून पुढे येतात. काही पालकांना अशा प्रश्नांची भीती वाटते. मुलगा प्रश्न विचारू लागला म्हणजे त्याची श्रद्धा ढळली, असा त्यांचा समज होतो. वास्तविक प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. पवित्र मरियेनेही देवदूताला ‘हे कसे होईल’ असे विचारले होते आणि देवदूताने तिला उत्तर दिले होते. तरुणांचे प्रश्नही उत्तरास पात्र आहेत. त्यांपैकी वारंवार विचारल्या जाणाऱ्या सहा प्रश्नांचा येथे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या आधारे विचार करू या.

१. एका चुकीमुळे मनुष्य नरकात जातो काय?

अनेक तरुणांच्या मनात देवाची प्रतिमा एखाद्या कडक परीक्षकासारखी असते. आपण कोठे चुकतो यावर त्याची नजर आहे आणि चूक होताच तो गुण कापतो, अशी त्यांची कल्पना असते. काही जण या भीतीने खंगतात, तर काही जण कंटाळून नियमांकडेच पाठ फिरवतात. ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्ही टोकांपासून दूर आहे.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसृत केलेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात मारक पापाच्या तीन अटी स्पष्ट केल्या आहेत (परिच्छेद १८५७). पहिली, कृत्य स्वतः गंभीर असले पाहिजे. दुसरी, ते गंभीर आहे याची त्या व्यक्तीला पूर्ण जाणीव असली पाहिजे. तिसरी, ते तिने स्वेच्छेने आणि समजूनउमजून केलेले असले पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ते पाप मारक ठरते, म्हणजेच देवाशी असलेले जीवनदायी नाते तोडते. अज्ञान, भीती, दडपण, जडलेली सवय किंवा मानसिक अस्वस्थता यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते किंवा क्वचित पूर्णपणे नाहीशीही होऊ शकते, असेही हा ग्रंथ सांगतो (परिच्छेद १७३५).

एक साधे उदाहरण घेऊ. आजारी आईच्या उशाशी बसल्यामुळे एका तरुणीची रविवारची मिस्सा चुकली. दुसऱ्या तरुणाला कोणतीही अडचण नव्हती. परंतु ‘मला देवाची गरज नाही’ असे ठरवून तो घरी राहिला. बाहेरून पाहता दोघेही मिस्साला अनुपस्थित होते. परंतु पहिलीने प्रेमाचे कर्तव्य पार पाडले आणि तिच्याकडून पाप घडले नाही. दुसऱ्याने मात्र देवाच्या आमंत्रणाचा जाणूनबुजून अव्हेर केला.

याचा अर्थ ‘मला जे योग्य वाटते तेच योग्य’ असा मात्र होत नाही. सदसद्विवेकबुद्धी हा देवाचा आवाज ऐकण्याचा गाभारा आहे; परंतु तिलाही घडवावे लागते. पवित्र शास्त्राचे वाचन, प्रार्थना, ख्रिस्तसभेची शिकवण आणि जाणत्यांचा सल्ला यांतून ती घडते. सत्य जाणून घेण्याची तसदीच घेतली नाही तर ते अज्ञानही दोषास्पद ठरते. आणि पाप कितीही मोठे असले तरी पश्चात्तापाने प्रायश्चित्त संस्काराकडे येणाऱ्याला दार बंद नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पिता मुलाचे क्षमायाचनेचे वाक्य पूर्ण होण्याची वाटही पाहत नाही, हे आपण विसरू नये.

२. देव प्रेमस्वरूप आहे, तर नरक कशासाठी?

हा प्रश्न तर्कशुद्ध आहे आणि त्याचे उत्तर प्रेमाच्या स्वरूपातच दडलेले आहे. प्रेम सक्तीने करवून घेता येत नाही. ज्याला ‘होय’ म्हणण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याला ‘नाही’ म्हणण्याचेही स्वातंत्र्य असलेच पाहिजे. देवाने मनुष्याला दिलेले हे स्वातंत्र्य खोटे नाही. मनुष्य अखेरपर्यंत देवाचे प्रेम आणि शेजाऱ्याचे प्रेम नाकारत राहिला, तर देव त्याच्यावर जबरदस्ती करीत नाही. देवापासून आणि संतजनांच्या सहवासातून स्वतःलाच कायमचे वगळणे, याला ख्रिस्तसभा नरक म्हणते (परिच्छेद १०३३).

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत बुधवारच्या आपल्या प्रवचनांतून स्वर्ग, नरक आणि शुद्धिस्थान या तीन विषयांचे क्रमाने विवेचन केले. २८ जुलैच्या प्रवचनात त्यांनी सांगितले की पवित्र शास्त्रातील अग्नी, अंधार इत्यादी प्रतिमांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. नरक हे एखादे ठिकाण असण्यापेक्षा जीवन आणि आनंद यांचा उगम असलेल्या देवापासून तुटलेल्या व्यक्तीची ती अवस्था आहे.

दोन गोष्टी येथे ध्यानात ठेवाव्यात. पहिली, देव कोणालाही नरकासाठी नेमून ठेवीत नाही. सर्व माणसांचे तारण व्हावे अशीच त्याची इच्छा आहे. दुसरी, ख्रिस्तसभेने आजवर असंख्य व्यक्तींना संत म्हणून घोषित केले आहे, म्हणजेच त्या स्वर्गात आहेत अशी ग्वाही दिली आहे; परंतु अमुक एक व्यक्ती नरकात आहे, अशी घोषणा तिने कधीही केलेली नाही. नरकाची शिकवण दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी नसून स्वतःच्या जीवनाकडे गांभीर्याने पाहण्यासाठी आहे.

३. ज्यांनी आत्महत्या केली, त्यांचे काय होते?

हा प्रश्न कोणी सहज विचारीत नाही. त्यामागे बहुधा एखादा वर्गमित्र, एखादे भावंड किंवा शेजारच्या घरातील कोणी असते. ‘माझा मित्र नरकात गेला असेल का?’ हा प्रश्न मनात घेऊन कित्येक तरुण-तरुणी वर्षानुवर्षे मूकपणे वावरत असतात. आणि अशा घरातील आईवडिलांना समाजाच्या कुजबुजीचे ओझेही वाहावे लागते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे.

जीवन ही देवाने आपल्या स्वाधीन केलेली ठेव आहे. आपण तिचे मालक नाही, विश्वस्त आहोत. स्वतःचा जीव घेणे हे गंभीरपणे अयोग्य आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण बदललेली नाही. परंतु मारक पापाच्या तीन अटी आपण वर पाहिल्या आहेत. तीव्र नैराश्य, मानसिक आजार, असह्य भीती किंवा छळ यांच्या विळख्यात सापडलेल्या व्यक्तीला पूर्ण जाणीव आणि पूर्ण स्वातंत्र्य कितपत असते? धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की अशा परिस्थितीत व्यक्तीची जबाबदारी कमी होते (परिच्छेद २२८२). त्यापुढील परिच्छेदात तो अधिक सांगतो की अशा व्यक्तींच्या शाश्वत तारणाविषयी आपण आशा सोडू नये. केवळ त्यालाच ज्ञात असलेल्या मार्गांनी देव त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

‘पूर्वी तर अशा व्यक्तींना दफनभूमीत जागाही मिळत नसे,’ असे वडीलधारी माणसे सांगतात. ते खरे आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यांना, मरणापूर्वी पश्चात्तापाचे चिन्ह दिसले नसल्यास, ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांमध्ये (कलम ११८४) आत्महत्येचा उल्लेख उरलेला नाही. जीवनाच्या पावित्र्याची शिकवण तीच राहिली. मानवी मनाच्या वेदनेविषयीची समज मात्र वाढली. आपल्या देशाच्या कायद्यानेही हीच दिशा घेतली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर उपचार करण्याची जबाबदारी शासनावर येते.

आर्सचे धर्मगुरू संत जॉन मारी व्हियान्नी (१७८६-१८५९) यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. पतीने आत्महत्या केल्यामुळे शोकाकुल झालेली एक विधवा त्यांच्याकडे आली होती. तिने काही सांगण्यापूर्वीच संतांनी तिला धीर दिला, की प्राण जाण्यापूर्वीच्या अल्पशा क्षणात तिच्या पतीला पश्चात्तापाची कृपा लाभली आहे. त्या क्षणात देव आणि मनुष्य यांच्यामध्ये काय घडते, हे आपल्यापैकी कोणीही पाहिलेले नाही. म्हणूनच निवाडा करण्याचा अधिकार आपल्याकडे नाही.

परंतु ही आशा मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी आहे. ती मरणाची परवानगी नव्हे. हा लेख वाचणाऱ्या कोणा तरुणाच्या किंवा तरुणीच्या मनात ‘आता जगणे नको’ असा विचार येत असेल, तर त्याने किंवा तिने तो विचार एकट्याने वाहू नये. आज, आत्ताच, आईवडील, शिक्षक, धर्मगुरू, डॉक्टर किंवा विश्वासातील मित्र यांच्याशी बोलावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. नैराश्य हा आजार आहे. त्यावर उपचार घेणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. प्रार्थना आणि औषधोपचार हे परस्परांचे विरोधक नाहीत.

४. माझे हिंदू आणि मुसलमान मित्र स्वर्गात जाणार नाहीत काय?

महाराष्ट्रातील ख्रिस्ती तरुण हा शाळेत, महाविद्यालयात, कचेरीत आणि क्रिकेटच्या मैदानावर अन्य धर्मीयांच्या सहवासात वाढतो. त्याच्या अडचणीच्या वेळी धावून येणारा मित्र बहुधा अन्य धर्माचा असतो. त्यामुळे हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी राहत नाही.

हा प्रश्न नवा नाही. गोव्यात ज्यांचे पवित्र शरीर जतन केले आहे ते संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला गेले. १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून युरोपला पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिले आहे की नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक आपल्या मृत पूर्वजांसाठी काही करता येईल काय असे विचारीत, आणि नकारार्थी उत्तर ऐकून रडत. त्यांचे अश्रू पाहून संतांनाही दुःख होई. त्या काळच्या ईशज्ञानाने जे उत्तर शिकवले होते, तेच त्यांनी दिले होते.

ख्रिस्तसभा पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाखाली या विषयावर पुढेही मनन करीत राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसृत केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद १६) सांगितले आहे की ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाची ओळख झालेली नाही, परंतु जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीतून जाणवणाऱ्या त्याच्या इच्छेप्रमाणे कृपेच्या साहाय्याने वागण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही शाश्वत तारण प्राप्त होऊ शकते. २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात, त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे स्पष्ट केले आहे.

याचा अर्थ ‘सर्व धर्म सारखेच, मग मिस्साला कशाला जायचे’ असा घेता येणार नाही. ज्याचे तारण होते त्याचे ते ख्रिस्ताच्या मरणाने आणि पुनरुत्थानानेच होते, त्याला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो. आणि ज्याला अधिक लाभले आहे त्याच्याकडून अधिकाची अपेक्षा केली जाईल, असे प्रभूने स्वतः बजावले आहे. ‘माझ्या मित्राचे काय होईल’ या प्रश्नाबरोबरच ‘मला लाभलेल्या श्रद्धेचे मी काय केले’ हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

५. पुनर्जन्म मानण्यास काय हरकत आहे?

आपल्या अवतीभवतीच्या संस्कृतीत, कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत पुनर्जन्माची कल्पना सर्वत्र आढळते. आपले शेजारी ती श्रद्धेने मानतात आणि त्या श्रद्धेचा आपण आदर करतो. तथापि ख्रिस्ती श्रद्धा येथे वेगळी आहे. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायानुसार मनुष्याला एकदाच मरण आहे आणि त्यानंतर न्याय आहे. मृत्यूनंतर आपण दुसऱ्या देहात पुन्हा जन्म घेत नाही, असे धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो (परिच्छेद १०१३).

या फरकामागे मनुष्याविषयीची एक दृष्टी आहे. आपल्या श्रद्धेनुसार देह हे आत्म्याने बदलण्याचे वस्त्र नाही. देह आणि आत्मा मिळून मी ‘मी’ होतो. म्हणून शेवटच्या दिवशी देहाचे पुनरुत्थान होईल असे आपण प्रेषितांच्या मतांगिकारात दर रविवारी म्हणतो. माझे हे एकच जीवन आहे. म्हणून त्यातील प्रत्येक दिवस मोलाचा आहे. शिवाय माझे तारण हे अनेक जन्मांच्या पुण्यसंचयावर अवलंबून नाही. क्रूसावरील चोराने शेवटच्या घटकेला प्रभूची करुणा भाकली आणि त्याच दिवशी त्याला सुखलोकाचे अभिवचन मिळाले.

येथेच दहनाविषयीही सांगणे योग्य ठरेल. शहरांतील दफनभूमींत जागेची टंचाई असल्यामुळे अनेक कुटुंबांत हा विषय निघतो. पुनरुत्थानावरील श्रद्धा नाकारण्याच्या हेतूने ते केलेले नसेल, तर दहनास ख्रिस्तसभेने १९६३ पासून मुभा दिली आहे; मात्र तिची पहिली पसंती दफनालाच आहे. २०१६ साली व्हॅटिकनने दिलेल्या सूचनांनुसार अस्थी व रक्षा दफनभूमीसारख्या पवित्र ठिकाणी ठेवाव्यात. त्या पाण्यात, हवेत किंवा जमिनीवर विखुरू नयेत.

६. मृतांसाठी प्रार्थना केल्याने खरोखर काही होते काय?

जो देवाच्या मैत्रीत मरण पावतो, परंतु ज्याच्या अंतःकरणात अद्याप स्वार्थाचे व आसक्तीचे डाग शिल्लक असतात, त्याचे तारण निश्चित आहे. तथापि देवाच्या दर्शनापूर्वी त्याला शुद्ध व्हावे लागते. या शुद्धीकरणाला आपण शुद्धिस्थान म्हणतो. ही शिकवण फ्लॉरेन्सच्या (१४३९) व ट्रेंटच्या (१५६३) विश्वपरिषदांनी मांडली. परंतु मृतांसाठी प्रार्थना करण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी यहूदाने अर्पण पाठवल्याचा उल्लेख आहे. इ. स. ३८७ मध्ये संत मोनिकाने मरणापूर्वी आपला मुलगा ऑगस्टीन याला सांगितले की माझ्या देहाची चिंता करू नका, परंतु प्रभूच्या वेदीपाशी माझे स्मरण ठेवा.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ३० नोव्हेंबर २००७ रोजी ख्रिस्ती आशेविषयी लिहिलेल्या विश्वपत्रात या विषयाचे सुंदर विवेचन केले आहे. शुद्ध करणारा अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच होय, या काही ईशज्ञान्यांच्या विचाराचा त्यांनी तेथे आधार घेतला आहे. त्याच्या प्रेमळ दृष्टीसमोर आपल्यातील सर्व खोटेपणा गळून पडतो. ते वेदनादायक असते, परंतु त्यातूनच आपण खऱ्या अर्थाने आपण होतो. कोणीही मनुष्य एकटा जगत नाही आणि एकट्याचे तारण होत नाही. म्हणून आपली प्रार्थना मृत्यूच्या पलीकडेही पोहोचते, असे ते सांगतात. ज्याची क्षमा मागायची राहून गेली, त्याच्यासाठी आजही काही करता येते, हे केवढे मोठे सांत्वन आहे!

मात्र मृतांसाठी प्रार्थना करणे वेगळे आणि त्यांना बोलावण्याचा प्रयत्न करणे वेगळे. वसतिगृहांतून गंमत म्हणून प्लँचेट करण्याचे प्रकार घडतात. मृतांना आवाहन करणे आणि भविष्य विचारणे यांना ख्रिस्तसभेची स्पष्ट मनाई आहे (परिच्छेद २११६). आपले मृत देवाच्या हाती आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा आपला मार्ग प्रार्थना हाच आहे.

आज काय करावे?

या सहा प्रश्नांचा विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात येते. मरणोत्तर जीवनाविषयीची ख्रिस्ती शिकवण आपल्याला आजच्या दिवसाकडेच परत आणते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने अंतिम न्यायाचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात भुकेल्याला अन्न दिले काय, आजाऱ्याची विचारपूस केली काय, तुरुंगातील माणसाला भेटलात काय, हेच विचारले जाते. स्वर्ग हा शेवटी मिळणारा बक्षिसाचा चषक नाही. येथे सुरू झालेल्या प्रेमाची ती परिपूर्ती आहे.

तेव्हा तरुण बंधू-भगिनींनो, या महिन्यात तीन गोष्टी अवश्य करा. नोव्हेंबरच्या १ ते ८ या तारखांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करा. पापनिवेदन, कम्युनियन आणि पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटी पूर्ण केल्यास, पापाची आसक्ती सोडून केलेल्या या भक्तीमुळे त्यांच्यासाठी पूर्ण दंडमाफी मिळवता येते. ज्या घरात अकाली मृत्यू झाला आहे, विशेषतः ज्या घराविषयी लोक दबक्या आवाजात बोलतात, त्या घरी जाऊन त्या आईवडिलांजवळ घटकाभर बसा. उपदेश करू नका, सोबत करा. आणि ज्या मित्राचा फोन अलीकडे येईनासा झाला आहे, त्याला स्वतःहून फोन करा.

पालकांना आणि धर्मशिक्षकांना एकच विनंती. मुलांनी प्रश्न विचारला तर त्यांना गप्प करू नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्यांच्याबरोबर धर्मशिक्षण ग्रंथ उघडा, धर्मगुरूंना भेटा. ज्या घरात मरणाविषयी मोकळेपणाने बोलता येते, त्या घरात जगण्याच्या अडचणींविषयीही मुले मोकळेपणाने बोलतात.

मृत श्रद्धावंतांच्या आत्म्यांना देवाच्या दयेने चिरशांती लाभो. आमेन.